लिनक्सवर स्टीम : पेंग्विनच्या घरी गेमचं दुकान कसं आलं?

कॉम्प्युटरवर गेम खेळायचे तर विंडोजच पाहिजे, ही समजूत अनेक वर्षं पक्की होती. लिनक्स म्हणजे सर्व्हरवाल्यांचं, इंजिनिअरिंगच्या पोरांचं, फुकट मिळतं म्हणून कुणीतरी टाकलेलं. त्यावर गेम कुठले? फार तर पत्ते आणि सुडोकू. आज चित्र बरंच बदललं आहे. विंडोजसाठी बनलेले हजारो गेम लिनक्सवर चालतात, तेही फारशी खटपट न करता. हा बदल एका दिवसात झालेला नाही. त्यामागे अमेरिकेतल्या व्हॉल्व्ह या कंपनीने २०१२ पासून केलेलं काम आहे. त्यात एक सपशेल फसलेला प्रयत्नही आहे.

विंडोज १० चा अधिकृत पाठिंबा १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. विंडोज ११ न पेलणारे अनेक चालते कॉम्प्युटर घरोघरी आहेत. 'लिनक्स टाकलं तर माझ्या विकत घेतलेल्या गेमचं काय?' असा प्रश्न त्यामुळे पडतो. त्याचं उत्तर समजून घ्यायचं तर ही गोष्ट सुरुवातीपासून पाहावी लागते.

स्टीम म्हणजे काय?

स्टीम हे गेमचं ऑनलाइन दुकान आहे. गेम विकत घ्यायचा, इंटरनेटवरून उतरवायचा आणि खेळायचा. सीडी नाही, डबा नाही. खातं एकच, त्यामुळे कॉम्प्युटर बदलला तरी घेतलेले गेम खात्यात राहतात. अपडेट, मित्रांची यादी, गप्पा आणि सेव्ह केलेला खेळ सांभाळणं ही सगळी सोय त्यातच आहे.

हे दुकान चालवणारी व्हॉल्व्ह कंपनी गेब न्यूएल आणि माइक हॅरिंग्टन यांनी १९९६ मध्ये सुरू केली. दोघेही आधी मायक्रोसॉफ्टमध्ये नोकरीला होते. न्यूएल यांनी तर तिथे १३ वर्षं काढली. १९९८ मध्ये आलेल्या हाफ-लाइफ या गेमने कंपनीचं नाव झालं. १२ सप्टेंबर २००३ रोजी स्टीम सुरू झालं, फक्त विंडोजसाठी. २००४ मध्ये हाफ-लाइफ २ आला तेव्हा डबा विकत घेतला तरी स्टीम टाकल्याशिवाय गेम सुरू होत नव्हता. लोक चिडले, पण स्टीम घराघरांत पोहोचलं.

पुढे इतर कंपन्यांचे गेमही इथे विकले जाऊ लागले. विक्रीतला साधारण ३० टक्के वाटा दुकानदाराचा, म्हणजे व्हॉल्व्हचा, असा रिवाज पडला. २०१८ मध्ये फार मोठी विक्री करणाऱ्या गेमसाठी हा वाटा टप्प्याटप्प्याने २५ आणि २० टक्क्यांपर्यंत कमी केला गेला. भारतातल्या ग्राहकांना २०१५ पासून किमती रुपयांत दिसू लागल्या.

पहिला मुक्काम मॅक

विंडोजबाहेरचं पहिलं पाऊल लिनक्सवर पडलं नाही, मॅकवर पडलं. मार्च २०१० मध्ये घोषणा झाली आणि १२ मे २०१० रोजी मॅकवर स्टीम सुरू झालं. गर्दी खेचण्यासाठी पोर्टल हा गेम २४ मेपर्यंत फुकट दिला गेला. त्याच वेळी 'स्टीम प्ले' नावाची सोय आली. गेम एकदा घ्यायचा आणि तो विंडोज व मॅक दोन्हींवर खेळायचा, दुसऱ्यांदा पैसे नाहीत.

यात तांत्रिक अडचण होती ती चित्र काढण्याची. विंडोजवरचे बहुतेक गेम पडद्यावर चित्र उमटवण्यासाठी मायक्रोसॉफ्टचं डायरेक्टथ्रीडी वापरतात. मॅक किंवा लिनक्सवर ते नसतं, तिथे तेव्हा ओपनजीएल चालायचं. व्हॉल्व्हने आपलं सोर्स हे गेम इंजिन ओपनजीएलवर आणलं. हे काम मॅकसाठी झालं खरं, पण लिनक्सची अर्धी वाट त्यातच तयार झाली.

भाड्याचा गाळा आणि मालकाचं दुकान

मॅकला ग्राहक तरी होते. लिनक्सचं काय? जगातल्या डेस्कटॉप कॉम्प्युटरमध्ये त्याचा वाटा तेव्हा एक-दीड टक्क्याच्या आसपास धरला जाई. शिवाय लिनक्स वापरणारा सगळं फुकटात मागतो, असा समज होता. लिनक्ससाठी गेम बनवून विकणारी लोकी सॉफ्टवेअर ही कंपनी १९९८ मध्ये निघाली आणि २००२ च्या सुरुवातीला बंदही पडली. धंद्याच्या हिशेबाने हा आतबट्ट्याचाच व्यवहार होता.

मग व्हॉल्व्ह तिकडे का वळली? कारण विंडोज ८.

ऑक्टोबर २०१२ मध्ये बाजारात आलेल्या विंडोज ८ सोबत मायक्रोसॉफ्टने स्वतःचं ॲपचं दुकान आणलं. स्टीमसाठी हे असं होतं, की भाड्याच्या गाळ्यात वर्षानुवर्षं धंदा करावा आणि एक दिवस गाळामालकानेच शेजारी त्याच मालाचं दुकान थाटावं. आज शेजार आहे, उद्या गाळा खाली करायला सांगितला तर? न्यूएल यांनी जुलै २०१२ मध्ये सिएटलच्या एका परिषदेत विंडोज ८ ही कॉम्प्युटर क्षेत्रातल्या सगळ्यांसाठी आपत्ती असल्याचं जाहीरपणे म्हटलं. लिनक्सवर गेम आणण्याचा प्रयत्न हा त्यावरचा बचाव असल्याचंही त्यांनी सांगितलं.

म्हणजे लिनक्सवरचं दुकान हे दानधर्माने उघडलेलं नव्हतं. ती पळवाट होती, वेळ आलीच तर उपयोगी पडेल अशी दुसरी जागा.

सहा फ्रेमपासून ३१५ फ्रेमपर्यंत

जुलै २०१२ मध्ये कंपनीने काम सुरू असल्याचं अधिकृतपणे सांगितलं. लिनक्सचे शेकडो प्रकार आहेत. सगळ्यांच्या मागे धावणं शक्य नव्हतं, म्हणून त्यातलं उबुंटू १२.०४ निवडलं. चाचणीसाठी गेम घेतला लेफ्ट ४ डेड २.

गेम पहिल्यांदा चालला तेव्हा पडद्यावर सेकंदाला फक्त ६ चित्रं, म्हणजे ६ फ्रेम येत होत्या. खेळायला किमान ३० तरी लागतात. मग गेममध्ये दुरुस्त्या झाल्या, ओपनजीएलचा वापर सुधारला आणि ग्राफिक्स कार्डाच्या कंपन्यांना त्यांच्या ड्रायव्हरमधल्या चुका दाखवल्या गेल्या. १ ऑगस्ट २०१२ रोजी व्हॉल्व्हने आकडे जाहीर केले. त्याच मशिनवर विंडोज ७ मध्ये डायरेक्टथ्रीडीने २७०.६ फ्रेम आणि लिनक्सवर ३१५ फ्रेम!

इंजिनिअरांनाही हे कोडं पडलं. शोध घेतल्यावर कळलं, की चित्राची प्रत्येक आज्ञा पाठवताना डायरेक्टथ्रीडीमध्ये काही मायक्रोसेकंद जास्त जात होते. विंडोजवर तोच गेम ओपनजीएलने चालवला तर ३०३.४ फ्रेम मिळाल्या. एका गेमवरून सगळ्या गेमचा निकाल लागत नाही हे खरं. पण 'लिनक्स गेमला मंद आहे' हे वाक्य त्या दिवसापासून डोळे मिटून म्हणता येईना.

६ नोव्हेंबर २०१२ रोजी मर्यादित चाचणी सुरू झाली. जागा होत्या एक हजार, अर्ज आले ६० हजारांहून जास्त. फुकट्यांचं प्लॅटफॉर्म म्हणून हिणवलेल्या लिनक्सवर रांग लागली होती. २० डिसेंबरला चाचणी सर्वांसाठी खुली झाली आणि १४ फेब्रुवारी २०१३ रोजी लिनक्सवरचं स्टीम अधिकृतपणे सुरू झालं. पन्नासहून अधिक गेमवर ५० ते ७५ टक्के सवलत होती. टीम फोर्ट्रेस २ खेळणाऱ्या लिनक्सवाल्यांना टक्स पेंग्विनची छोटी बाहुली भेट मिळाली.

शेकडो लिनक्सचं कोडं

विंडोज एकाच कंपनीचं आहे. लिनक्समध्ये उबुंटू, फेडोरा, डेबियन, आर्च असे किती तरी संच आहेत आणि प्रत्येकात आतले सुटे भाग, म्हणजे लायब्ररी, वेगवेगळ्या आवृत्तीचे. उबुंटूवर चालणारा गेम फेडोरावर चालेलच असं नाही. गेम बनवणाऱ्याने किती ठिकाणी तपासायचं?

व्हॉल्व्हने यावर 'स्टीम रनटाइम' हा उपाय काढला. गेमला लागणाऱ्या लायब्ररींचा एक ठरलेला संच स्टीमसोबतच येतो. गेम त्या संचावर चालला म्हणजे झालं, खाली कुठलं लिनक्स आहे याची फिकीर कमी. लग्नाच्या स्वयंपाकाला आचारी आपली भांडी घेऊनच येतो, यजमानाच्या घरात काय आहे यावर विसंबत नाही. तसंच हे. त्याच काळात, २०१२ मध्ये, सॅम लँटिंगा व्हॉल्व्हमध्ये आले. पूर्वी लोकी सॉफ्टवेअरमध्ये काम केलेल्या याच गृहस्थांनी एसडीएल ही लायब्ररी लिहिली होती. कीबोर्ड, आवाज, खिडकी, जॉयस्टिक यांची कामं कुठल्याही प्लॅटफॉर्मवर सारख्याच पद्धतीने करून देणारी ही लायब्ररी आजही असंख्य गेममध्ये आहे.

चुकाही झाल्या. जानेवारी २०१५ मध्ये लिनक्सवरच्या स्टीमच्या सुरुवातीच्या स्क्रिप्टमधला एक दोष उघड झाला. स्टीमचं फोल्डर दुसरीकडे हलवल्यावर ठराविक परिस्थितीत ती स्क्रिप्ट स्टीमऐवजी वापरणाऱ्याच्या सगळ्या फायली पुसायला लागायची. दोष दुरुस्त झाला, पण धडा कायमचा आहे. महत्त्वाच्या फायलींची प्रत वेगळ्या डिस्कवर पाहिजेच.

दुकान आलं, माल कुठंय?

दुकानाची पाटी लागली, पण फळ्या भरेनात. मार्च २०१५ पर्यंत लिनक्सवरच्या गेमची संख्या एक हजारावर गेली, मात्र त्यात छोट्या कंपन्यांचे गेम जास्त होते. सिव्हिलायझेशन ५, एक्सकॉम असे काही मोठे गेम ॲस्पायर आणि फेरल या कंपन्यांनी लिनक्सवर आणून दिले. बाकीच्या मोठ्या कंपन्यांचा हिशेब साधा होता : दीड टक्का गिऱ्हाइकासाठी वेगळा माल कोण बनवणार? आणि गेम नाहीत म्हटल्यावर खेळणारा तरी लिनक्सकडे कशाला येईल? आधी कोंबडी की आधी अंडं, असा हा पेच.

व्हॉल्व्हने तो मशिन विकून सोडवायचा प्रयत्न केला. सप्टेंबर २०१३ मध्ये लिनक्सवर आधारित स्टीमओएसची घोषणा झाली. टीव्हीला जोडायचे 'स्टीम मशिन' वेगवेगळ्या कंपन्यांनी बनवून १० नोव्हेंबर २०१५ रोजी बाजारात आणले. ते चाललेच नाहीत. किमती गेमिंग कन्सोलपेक्षा जास्त, गेम विंडोजपेक्षा कमी, आणि तेच गेम त्याच मशिनवर विंडोज टाकून जोरात पळत असल्याचं चाचण्यांत दिसलं. मग घ्यायचं कशासाठी? एप्रिल २०१८ मध्ये स्टीमच्या मुख्य मेनूतून या मशिनची पाटी उतरवली गेली. लिनक्सचा प्रयोग बुडाला, असंच बहुतेकांना वाटलं.

प्रोटॉन : डाव बदलला

त्यानंतर चारच महिन्यांनी, २१ ऑगस्ट २०१८ रोजी, व्हॉल्व्हने प्रोटॉन जाहीर केलं. आतापर्यंत आग्रह होता की कंपन्यांनी लिनक्ससाठी वेगळा गेम बनवावा. तो आग्रहच सोडून दिला गेला. गेम विंडोजचाच राहू दे, तो लिनक्सवर चालवायची जबाबदारी दुकानदाराची, असा हा नवा विचार होता.

प्रोटॉनचा पाया आहे वाइन हे सॉफ्टवेअर. १९९३ मध्ये सुरू झालेल्या या प्रकल्पाला १.० आवृत्तीपर्यंत पोहोचायला १५ वर्षं लागली. विंडोजचा प्रोग्राम विंडोजकडे जे मागतो, ते वाइन लिनक्सकडून मिळवून देतं. आख्खा नकली कॉम्प्युटर आत उभा करत नाही, फक्त मागण्यांचं भाषांतर करतं. म्हणून वेग फारसा मारला जात नाही.

जुनी अडचण होती चित्रांचीच. तिथे दोन गोष्टी जुळून आल्या. २०१६ मध्ये वल्कन हे नवं, सर्व प्लॅटफॉर्मना खुलं असलेलं ग्राफिक्स तंत्र आलं. आणि फिलिप रेबोले या प्रोग्रामरने नीअर : ऑटोमेटा हा आपला आवडता गेम लिनक्सवर चालावा म्हणून डीएक्सव्हीके लिहायला घेतलं. डायरेक्टथ्रीडीच्या आज्ञा ते वल्कनमध्ये बदलून देतं. व्हॉल्व्हने हे काम पैसे देऊन पुढे नेलं. वाइनच्या बाजूला कोडवीव्हर्स ही कंपनी सोबत घेतली आणि एएमडीच्या खुल्या ड्रायव्हरवरही माणसं लावली. हा सगळा कोड खुला आहे. स्टीम न वापरणाऱ्यालाही तो वापरता येतो.

पहिल्या दिवशी प्रोटॉनच्या तपासलेल्या यादीत फक्त २७ गेम होते. पुढे हा आकडा हजारांत गेला. छोट्या स्टुडिओंना याचा मोठा फायदा झाला. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सचा राजी : अॅन एन्शंट एपिक हा गेम २०२० मध्ये स्टीमवर विंडोजसाठी आला. एवढ्या छोट्या चमूने लिनक्सची वेगळी आवृत्ती काढून सांभाळायची म्हणजे जास्तीची माणसं आणि जास्तीचा खर्च. प्रोटॉनमुळे तो भार गेम बनवणाऱ्याच्या डोक्यावरून उतरतो.

मध्येच २०१९ च्या जूनमध्ये एक कसोटीचा प्रसंग आला. उबुंटूने ३२ बिटच्या जुन्या लायब्ररी काढून टाकायचं ठरवलं. स्टीम आणि हजारो जुने गेम त्यावरच चालतात. पुढच्या उबुंटूला आपला पाठिंबा नसेल, असं व्हॉल्व्हकडून सांगितलं गेलं आणि काही दिवसांतच उबुंटूने गरजेच्या लायब्ररी ठेवायचा निर्णय घेतला. त्याच वर्षी मॅकने मात्र ३२ बिटचा पाठिंबा पूर्ण काढला आणि स्टीमवर विकत घेतलेले कित्येक जुने गेम मॅकवाल्यांच्या खात्यात नुसते नावापुरते उरले.

हातातलं मशिन

२८ फेब्रुवारी २०२२ पासून ग्राहकांना स्टीम डेक मिळू लागलं. सात इंची पडद्याचं, हातात धरून खेळायचं मशिन, सुरुवातीची किंमत ३९९ डॉलर. आत आर्च लिनक्सवर बांधलेलं स्टीमओएस. घेणाऱ्या अनेकांना आपण लिनक्स वापरतोय याचा पत्ताही नसतो, आणि तेच त्याचं यश म्हणावं लागेल. प्रत्येक गेमवर 'व्हेरिफाइड', 'प्लेएबल', 'अनसपोर्टेड' असा शिक्का असतो, त्यामुळे घेण्याआधीच अंदाज येतो. व्हॉल्व्हने ज्या देशांत डेकची अधिकृत विक्री सुरू केली त्यांत भारत नव्हता. इथे जे मिळतं ते आयात केलेलं.

परिणाम आकड्यांत दिसतो. स्टीमच्या मासिक पाहणीत जुलै २०२३ मध्ये लिनक्स १.९६ टक्क्यांवर पोहोचून मॅकच्या पुढे गेलं. ऑक्टोबर २०२५ मध्ये ते पहिल्यांदा ३ टक्क्यांच्या वर दिसलं. नोव्हेंबर २०२५ मध्ये व्हॉल्व्हने स्टीम मशिनची पुन्हा घोषणा केली. या वेळी मशिन स्वतः कंपनीचं आहे. विंडोज अजून ९० टक्क्यांच्या वर आहे, हेही विसरून चालणार नाही.

काय चालत नाही?

सर्वांत मोठी अडचण म्हणजे लबाडी पकडणारी सॉफ्टवेअर, म्हणजे अँटी-चीट. ऑनलाइन गेममध्ये कोणी फसवू नये म्हणून ती विंडोजच्या अगदी गाभ्यात शिरून पहारा देतात. लिनक्सवर तसं शिरता येत नाही. इझी अँटी-चीट आणि बॅटलआय यांनी २०२१ मध्ये प्रोटॉनसाठी सोय केली, पण ती चालू करायची की नाही हे गेम कंपनी ठरवते. व्हॅलोरंट, फोर्टनाइट आणि पबजी लिनक्सवर खेळता येत नाहीत. ॲपेक्स लेजंड्स चालत होता, त्याचं दार ३१ ऑक्टोबर २०२४ ला बंद झालं. म्हणजे चालणारा गेम उद्याही चालेल याची हमी नाही.

दुसरी अडचण जुन्या ग्राफिक्सची. प्रोटॉनच्या नव्या आवृत्तींना वल्कन १.३ लागतं. दहा-बारा वर्षांपूर्वीच्या लॅपटॉपमधल्या इंटेल ग्राफिक्सला ते झेपत नाही. लिनक्स टाकल्याने जुनं मशिन हलकं होतं, पण त्यात नसलेली ताकद कुठून येणार?

बदल करण्याआधी

लिनक्सकडे जायचा विचार असेल तर काही गोष्टी आधी पाहाव्यात.

• रोज खेळायचे गेम कोणते, त्यांची यादी करावी. प्रोटॉनडीबी या संकेतस्थळावर प्रत्येक गेमबद्दल खेळणाऱ्यांचे अनुभव असतात. ऑनलाइन गेम असेल तर अँटी-चीटचं आधी बघावं.

• हार्ड डिस्क पुसण्याआधी पेन ड्राइव्हवरून लिनक्स चालवून वायफाय, आवाज आणि ग्राफिक्स नीट आहे का हे तपासावं. फायलींची प्रत घ्यावी.

• स्टीम शक्यतो कंपनीच्या अधिकृत पॅकेजमधूनच टाकावं. उबुंटूवरचं स्नॅप पॅकेज व्हॉल्व्हचं नाही आणि त्यात अडचणी येतात, असं कंपनीच्या इंजिनिअरनेच सांगितलेलं आहे.

• विंडोजची जुनी एनटीएफएस डिस्क तशीच जोडून त्यावरून गेम चालवू नयेत. प्रोटॉनला ते मानवत नाही. गेम लिनक्सच्या डिस्कवर पुन्हा उतरवावेत, त्याचे वेगळे पैसे पडत नाहीत.

• एखादा गेम अडलाच तर स्टीमच्या सेटिंगमध्ये 'कम्पॅटिबिलिटी' विभागात प्रोटॉनची दुसरी आवृत्ती निवडून पाहावी.

दोन्ही हवं असेल तर एकाच मशिनवर विंडोज आणि लिनक्स शेजारी-शेजारी ठेवता येतात. अँटी-चीटच्या गेमसाठी विंडोज आणि बाकीचं लिनक्सवर, असा मधला मार्ग बरेच जण काढतात.

एक गोष्ट मात्र लक्षात ठेवायला हवी. विंडोजच्या गाळ्यातून बाहेर पडून खेळणारा स्टीमच्या गाळ्यात येतो, आणि स्टीमही एका कंपनीचंच दुकान आहे. तिथे मिळतो तो गेम वापरायचा परवाना, मालकी नाही. फरक इतकाच, की खालची जमीन आता कुणा एकाची राहिलेली नाही. प्रोटॉन, वाइन आणि डीएक्सव्हीकेचा कोड सर्वांना खुला आहे. उद्या व्हॉल्व्हचं धोरण बदललं तरी ते काम पुसलं जाणार नाही.